अंत्यविधीचा खर्च: पहिल्या दिवसाचे पैसे आणि नंतरची मदत

राजापूर तालुक्यातील एका ताईंचा प्रश्न असा आहे. त्यांचे थोरले दीर, वय ५२, गवंडीकाम करणारे, कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहेत आणि आता फार आशा धरू नका, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. घरातील सर्व शिल्लक उपचारांत संपली आहे. गावाजवळचा एक सावकार महिना शेकडा पाच रुपये व्याजाने पन्नास हजार द्यायला तयार आहे. अंत्यविधी आणि पुढचे दिवसकार्य निभावण्यासाठी अन्य कोठून मदत मिळेल का, आणि माणूस हयात असताना हे विचारणे अभद्र तर नाही ना, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, अभद्र मुळीच नाही. या किनाऱ्यावरच्या जिल्हा रुग्णालयात समाजसेवक म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि ज्या घरातील कोणीतरी एकाने वेळेआधी मन घट्ट करून चौकशी केली, त्या घराला पुढे कर्जाचा फास कमी बसला, हे मी सातत्याने पाहिले आहे. आपण दिरांच्या उशाशी बसून हिशेब करत नाही आहात, त्यांच्यामागे राहणाऱ्या जाऊबाईंचा आणि मुलांचा विचार करत आहात.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सरकारी योजनांचा पैसा अंत्यविधीच्या दिवशी हातात येत नाही. तो मृत्यूचा दाखला निघाल्यावर, अर्ज आणि चौकशी होऊन, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वारसाच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे पहिल्या दिवसाचा खर्च आपल्या माणसांच्या आधारावर आणि शक्य तितका आटोपशीर करावा लागतो, आणि नंतरचा पैसा त्याच दिवसांत गोळा केलेल्या कागदांवर येतो. या दोन्ही गोष्टींची सुरुवात रुग्णालयातच होते, म्हणून मीही तेथूनच सुरुवात करतो.

आज पहिले काम बिलाचे आहे, कारण अंत्यविधीसाठी म्हणून घेतलेले कर्ज पुष्कळदा प्रत्यक्षात शेवटच्या चार दिवसांच्या बिलात जाते. ते रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत असेल, तर तेथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्याला आजच भेटा आणि हा आजार योजनेत बसतो का, आतापर्यंत मंजुरी का घेतली गेली नाही, हे विचारा. रुग्णालय एखाद्या धर्मादाय न्यासाचे असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक प्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असलेले कुटुंब निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतचे दुर्बल धरले जाते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाती नसेल, तर तो आणायला घरातील एकाला उद्याच राजापूरला पाठवा आणि तोवर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात लेखी अर्ज देऊन ठेवा. दोन्हींपैकी काहीच लागू नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा की येथे जे केले जात आहे, ते कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात होऊ शकते का. हा प्रश्न विचारल्याने रुग्णाची हेळसांड होत नाही. वाढत जाणारे बिल मात्र थांबते.

मृत्यूनंतर बिल बाकी आहे म्हणून मृतदेह देत नाही, असे कोणी म्हणाले, तर घाबरून सावकाराकडे धावू नका. रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे की पैशांच्या वादापायी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. बाकी रक्कम ही येणे बाकी असते, आणि रुग्णालयाला ती कायद्याच्या मार्गाने वसूल करता येते. अशा वेळी वाद न वाढवता मृतदेह ताब्यात मिळावा म्हणून दोन ओळींचा अर्ज लिहून द्या, त्याची पोच मागा, आणि पोच नाकारली तर जवळच्या पोलीस ठाण्यात व महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे तोच अर्ज द्या. शांतपणे लिहिलेल्या अर्जाने बहुतेक वेळा तासाभरात मार्ग निघतो.

यानंतरचा निर्णय कुटुंबासाठी सर्वांत जड आहे, आणि खर्चाच्या दृष्टीनेही तोच सर्वांत मोठा आहे: अंत्यसंस्कार कोल्हापुरातच करायचे की दिरांना गावी आणायचे. मृतदेह १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून नेला जात नाही. खासगी गाडीवाला परतीच्या रिकाम्या फेरीचेही भाडे लावतो, आणि पावसाळ्यात अणुस्कुरा घाटात दरड आली, तर लांबचा वळसा पडतो. गाडी करायचीच झाली, तर रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या पहिल्याच गाडीशी बोलणी करू नका. रुग्णवाहिकांचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवून देते, त्या दरपत्रकाची विचारणा करा, आणि महापालिकेची किंवा एखाद्या सेवाभावी मंडळाची शववाहिका मिळते का, हे आधी पाहा.

कोल्हापुरात एक मोठी सोय आहे. तेथील पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कारासाठी पैसे घेत नाही, आणि शहरातील लोक या कामासाठी शेणी दान करतात. पाच-सात जवळची माणसे एसटीने जाऊन तेथे अग्नी देऊ शकतात आणि अस्थी घेऊन गावी येऊन पुढचे सर्व विधी आपल्या नदीकाठी करू शकतात. धर्माने यात काही उणे राहत नाही. गावातल्या भटजींना आधी विचारून घ्या, म्हणजे नंतर भावकीत कुजबुज होणार नाही. तरीही घरात थकलेली आई असेल आणि मुलाचे मुख पाहिल्याशिवाय तिचा जीव राहणार नसेल, तर मी गाडीचा खर्च वाया गेला असे म्हणणार नाही. अशा घराने गाडीवर खर्च करावा आणि पुढे दिवसकार्यात हात आखडावा. तिसराही एक मार्ग असतो: आता करण्यासारखे काही उरले नाही, असे डॉक्टर स्वतः म्हणत असतील, तर त्यांच्याशी बोलून, वेदनाशामक औषधे लिहून घेऊन आणि सर्व कागदपत्रांसह दिरांना घरी आणता येते. मात्र श्वासासाठी यंत्र लागत असेल, तर हा प्रवास त्यांना सोसणार नाही आणि तशी गाडी शववाहिकेपेक्षा महाग पडते, हे लक्षात ठेवा.

आता पहिल्या दिवसाच्या पैशांबद्दल. आपल्याकडे वाडीत कोणी गेले की निरोप फिरतो, गडी माणसे कामे टाकून येतात, सरणाची लाकडे घराघरांतून निघतात, तिरडी बांधणारे, मडके-कापड आणणारे, खांदेकरी यांना कोणी मजुरी विचारत नाही. ही रीत अजून शाबूत असलेल्या गावात प्रत्यक्ष दहनाचा खर्च फार होत नाही. पावसाळ्यात लाकूड ओले आणि स्मशानात शेड नसेल तर तो वाढतो. शेड नसेल, तर ती जिल्हा परिषदेच्या जनसुविधा योजनेतून होते, हे गावकीने पुढच्या ग्रामसभेसाठी नोंदवून ठेवावे. कित्येक वाड्यांमध्ये गावकीचा फंड असतो आणि त्यातून दुःखाच्या प्रसंगी बिनव्याजी उचल मिळते. मुंबईतील ग्रामस्थ मंडळ हा दुसरा आधार आहे. चाकरमानी वर्गणी भरतात ती उत्सवापुरतीच नसते, आणि मंडळाच्या चिटणिसांना एक फोन केला, तर अनेकदा दुसऱ्या दिवशी काही रक्कम येते. बौद्धवाडीत बौद्धजन पंचायत समितीची गावशाखा, मुस्लिम मोहल्ल्यात जमात, ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्च, हे याच कामाला उभे राहतात. मागायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून आपण स्वतः न मागता भावकीतील एखाद्या जाणत्या माणसाला विश्वासात घ्या आणि त्यांच्याकरवी हे बोलणे करा. हिशेबाची वहीही त्यांच्याकडेच द्या.

आपण किंवा जाऊबाई बचत गटात असाल, तर गटाच्या अध्यक्षांशी आज बोला. बचत गटांच्या सरकारी उमेद अभियानातील ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडे, जोखीम प्रवणता निधी असतो, आणि तो आजारपण, मृत्यू अशा अचानक ओढवलेल्या प्रसंगांसाठीच ठेवलेला असतो. गटाचे अंतर्गत कर्जही सावकारापेक्षा कितीतरी हलके पडते. याउपर रक्कम कमी पडली आणि घरात थोडे सोने असेल, तर जिल्हा मध्यवर्ती बँकेत किंवा नोंदणीकृत पतसंस्थेत सोनेतारण कर्ज बहुधा त्याच दिवशी मिळते. सोने विकू नका, तारण ठेवा. पुढे योजनेचे पैसे आल्यावर सोडवता येते.

सावकाराच्या पन्नास हजारांचा हिशेब एकदा मांडून पाहा. महिना शेकडा पाच म्हणजे दरमहा २,५०० रुपये, वर्षाला ३०,००० रुपये नुसते व्याज, आणि मुद्दल तसेच उभे. ज्या राष्ट्रीय योजनेबद्दल मी पुढे सांगणार आहे, तिची पूर्ण रक्कम या व्याजात आठ महिन्यांत संपते. परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर किंवा जमिनीच्या खरेदीखतावर कोणत्याही परिस्थितीत सही करू नका. दुःखाच्या घाईत घेतलेल्या अशा सह्यांवर या पट्ट्यातील आंब्या-काजूच्या बागा गेल्या आहेत.

दिवसकार्याबद्दल माझे मत मी मोकळेपणाने सांगतो. दहनापेक्षा दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचा खर्च कर्जात अधिक ढकलतो: गावजेवण, मंडप, मुंबईहून येणाऱ्यांची सोय, दाने. पिंडदान आणि आवश्यक विधी थोडक्यात आणि पूर्ण श्रद्धेने होतात. गावजेवणाऐवजी घरच्या आणि खांदेकऱ्यांच्या पंगतीवर थांबण्याचा निर्णय एकट्या विधवेने घेतला, तर तिला बोल लागतो. तोच निर्णय भावकीतील वडीलधाऱ्यांनी चारचौघांत जाहीर केला, तर कोणी काही म्हणत नाही. हे काम आपल्या यजमानांनी आतापासून वडीलधाऱ्यांच्या कानावर घालावे.

आता कागद. मृत्यूची नोंद ज्या ठिकाणी मृत्यू झाला तेथे होते, गावी नव्हे. कोल्हापूर शहरातील रुग्णालयात मृत्यू झाला, तर ती महापालिकेकडे होईल. सिंधुदुर्गातील रुग्ण बांबोळीला गेल्यावर दगावला, तर ती गोव्यात होते. घरी मृत्यू झाला, तर ग्रामपंचायतीत. या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे लोक महिनोन्महिने चुकीच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. नोंद २१ दिवसांच्या आत विनामूल्य होते. त्यानंतर विलंब शुल्क लागते, आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. रुग्णालय स्वतः नोंद कळवते, पण त्यांच्या फॉर्मवर नाव, वडिलांचे नाव आणि पत्ता आधार कार्डाप्रमाणेच लिहिला आहे का, हे कोल्हापूर सोडण्यापूर्वी आपल्या माणसाने डोळ्यांनी पाहावे. नावात एका अक्षराचा फरक पडला, तरी बँक आणि पुढे सांगितलेले बांधकाम कामगार मंडळ दोघेही अर्ज परत करतात. मृत्यूच्या कारणाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि उपचारांचा सारांश यांच्या प्रती मागून घ्या, दाखल्याच्या चार-पाच प्रती काढा, गाडीची आणि स्मशानातील पावती जपून ठेवा.

दीर गवंडी आहेत, म्हणून त्यांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा दुवा महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा आहे. मंडळाकडे नोंदणी झालेला कामगार ५० ते ६० वर्षांच्या दरम्यान मरण पावला, तर अंत्यविधीसाठी १०,००० रुपये वारसाला मिळतात. नैसर्गिक मृत्यू असेल, तर कायदेशीर वारसाला २ लाख रुपये, कामावर असताना मृत्यू झाला, तर ५ लाख रुपये, आणि पत्नीला पाच वर्षे दरवर्षी २४,००० रुपये अशी तरतूद आहे. मात्र नोंदणी जिवंत असली पाहिजे. तिचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि आपल्याकडचे बहुतेक अर्ज याच ठिकाणी अडतात. त्यांचे कार्ड आज शोधा, नूतनीकरणाची तारीख पाहा, आणि मुदत संपत आली असेल, तर तालुका सुविधा केंद्रात चौकशी करा. मधला माणूस टक्केवारी मागेल. त्याची आवश्यकता नाही.

दुसरी योजना राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाची मुख्य कमावती व्यक्ती मरण पावली, तर कुटुंबाला एकरकमी २०,००० रुपये मिळतात; मृत्यू आजाराने झाला की अपघाताने, याचा फरक पडत नाही. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत करायचा असतो. त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला लागतो, म्हणून यादीतील क्रमांक ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) आधीच लिहून घ्या. जाऊबाईंचे उत्पन्न अगदी तुटपुंजे राहणार असेल, तर संजय गांधी निराधार योजनेच्या मासिक अनुदानाचा अर्जही त्याच फेरीत देता येईल.

तिसरी गोष्ट पासबुकात सापडेल. दिरांच्या बँक किंवा पोस्टाच्या पासबुकात दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला ४३६ रुपये वजा झाल्याची नोंद आहे का, हे पाहा. असल्यास तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता आहे आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी नामनिर्देशित व्यक्तीला २ लाख रुपये मिळतात. हे संरक्षण वयाच्या ५५ वर्षांपर्यंत चालते. २० रुपयांची नोंद असेल, तर तो सुरक्षा विमा, आणि तो केवळ अपघाती मृत्यूसाठी आहे. बऱ्याच घरांत हे हप्ते वर्षानुवर्षे कापले जातात आणि विमा आहे, हेच कोणाला ठाऊक नसते. दावा शक्यतो ३० दिवसांत त्याच शाखेत दाखल करा. आता आजारी असताना नवीन विमा उतरवून देतो, असे कोणी सांगितले, तर त्याला नकार द्या. तो दावा टिकणार नाही. दीर कधी एखाद्या कंपनीत किंवा ठेकेदाराकडे कर्मचारी राज्य विम्यात नोंदलेले असतील, तर तेथेही चौकशी करा. विमाधारक कामगाराच्या अंत्यविधीसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून १५,००० रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि तो दावा तीन महिन्यांत करावा लागतो. माजी सैनिकाच्या घराने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावे.

हा प्रश्न वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट येथेच लिहून ठेवतो, कारण कोकणात तिच्यामुळे होणारे नुकसान मोठे आहे. माडावरून किंवा आंब्यावरून पडून, सर्पदंशाने, विजेने किंवा पाण्यात बुडून मृत्यू झाला, तर शवविच्छेदन नको, देहाची विटंबना नको, म्हणून माणसे तशीच अग्नी देऊन मोकळी होतात. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अशा मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळू शकतात, वय १० ते ७५ आणि अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. पूर, दरड, वीज पडणे अशा आपत्तीतील मृत्यूला शासनाकडून ४ लाख रुपयांची मदत असते. पण पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल नसेल, तर हे दोन्ही दावे उभे राहणे जवळजवळ अशक्य होते, आणि अग्नी दिल्यानंतर तो पुरावा पुन्हा निर्माण करता येत नाही. अशा वेळी आधी पोलीस पाटलांना बोलवावे.

दिरांच्या खात्यात थोडे पैसे असतील, तर मृत्यूनंतर त्यांचे एटीएम कार्ड वापरून ते काढू नका. वारसांमध्ये वाद उठला, तर ज्याने काढले तोच अडचणीत येतो. ते शुद्धीवर असतील आणि सही करू शकत असतील, तर खात्याला नामनिर्देशन आहे का, हे आताच पाहून घ्या. मृत्यूनंतर घेणेकरी दारात आले, तर हेही ध्यानात असू द्या की भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३२० प्रमाणे मृताच्या मालमत्तेतून वाजवी अंत्यविधी खर्च आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च इतर कर्जांच्या आधी भागवायचा असतो. म्हणून आपण किंवा आपल्या यजमानांनी केलेला खर्च पावत्यांसह वहीत उतरवून ठेवा.

शेवटचे काम जाऊबाईंच्या खात्याचे. या सर्व रकमा वारसाच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. त्यांचे खाते नसेल किंवा बंद पडले असेल, तर ते याच आठवड्यात सुरू करून घ्या, आणि त्यांचे माहेरचे व सासरचे नाव आधार, शिधापत्रिका व पासबुक या तिन्ही ठिकाणी एकसारखे आहे का, हे तपासा. प्रत्येक अर्जाची पोच तारीख आणि शिक्क्यासह घ्या आणि ती एका पिशवीत त्यांच्याच ताब्यात ठेवा, कारण तीन-चार महिन्यांनी विचारणा करायला तहसीलात त्यांनाच जावे लागणार आहे.